आपल्या हाती काय आहे?

या सदराकडे दरमहा जी पत्रे येतात, त्यांपैकी बहुतेकांना उत्तर देणे फारसे कठीण नसते. परंतु मध्यंतरी आलेले एक पत्र चार दिवस माझ्या टेबलावर तसेच पडून राहिले. त्याला काय उत्तर लिहावे, हे मला चटकन सुचेना.

पत्र लिहिणारे गृहस्थ महाराष्ट्राबाहेरील एका मध्यम वस्तीच्या शहरात स्थायिक झालेले आहेत. लोखंडी कपाटे व टेबले तयार करण्याचा त्यांचा लहानसा कारखाना आहे. सात कामगार त्यावर पोट भरतात. एका मोठ्या गिऱ्हाइकाला त्यांनी वर्षभर उधारीवर माल पुरविला आणि ती रक्कम अडकून पडली. इकडे बँकेचे हप्ते थकले. रात्री झोप येईनाशी झाली, घरात शब्दाला शब्द लागू लागला आणि थोरल्या मुलाशी तर अबोलाच सुरू झाला. अखेर कारखान्यामागील गोदाम विकून कर्ज फेडावे, असे त्यांनी ठरविले. गिऱ्हाईकही मिळाले, एक कापडाचे व्यापारी. भर उन्हाळ्यात ते गोदाम पाहून गेले आणि त्यांना ते पसंत पडले. मात्र दर पावसाळ्यात पलीकडच्या नाल्याचे पाणी त्या गोदामात गुडघाभर चढते, ही गोष्ट त्यांनी विचारली नाही आणि आमच्या या गृहस्थांनी सांगितली नाही.

पत्राच्या शेवटी त्यांचे दोन प्रश्न आहेत. पहिला असा: "जे विचारलेच नाही, ते सांगण्यास मी बांधलेला आहे काय?" आणि दुसरा: "धंद्यातील यशासाठी प्राचीन स्टोइकांचे तत्त्वज्ञान फार उपयोगी पडते, असे हल्ली मोबाइलवर वरचेवर ऐकू येते. त्यात काही अर्थ आहे, की ती पोट भरलेल्या लोकांची करमणूक आहे?"

दुसऱ्या प्रश्नापासून आरंभ करू. कारण पहिल्याचे उत्तर त्याच वाटेवर आहे.

स्टोइक पंथाचा संस्थापक झीनो हा पिढीजात पंडित नव्हता. तो व्यापारी होता. सायप्रस बेटावरील सिटियम हे त्याचे गाव. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातील चरित्रकार डायोजेनीस लेअर्शियस याने त्याची जी हकीकत दिली आहे, ती अशी. मौल्यवान जांभळ्या रंगाचा माल भरून झीनो निघाला असता अथेन्सच्या पायरीअस बंदराजवळ त्याचे जहाज बुडाले. सर्वस्व गमावून तो अथेन्सला पोहोचला आणि एका पुस्तकविक्याच्या दुकानात जाऊन बसला. दुकानदार त्या वेळी झेनोफनने लिहिलेल्या सॉक्रेटिसाच्या आठवणी वाचीत होता. त्या ऐकून झीनोने विचारले, अशी माणसे कोठे भेटतात? योगायोगाने क्रेटीझ नावाचा तत्त्वज्ञ रस्त्याने चालला होता. दुकानदाराने त्याच्याकडे बोट दाखविले आणि झीनो त्याच्यामागून चालू लागला. त्याच चरित्रकाराने या प्रसंगाचे इतर पाठही नोंदविले आहेत, तेव्हा तपशिलाविषयी आग्रह धरू नये. परंतु इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास अथेन्सच्या बाजारचौकातील एका चित्रांकित ओसरीत झीनो शिकवू लागला, हे निश्चित आहे. अशा ओसरीला ग्रीक भाषेत ‘स्टोआ’ म्हणतात. तिच्यावरून या पंथाला स्टोइक हे नाव पडले.

सारांश, ज्या पंथाला आपण पोट भरलेल्यांची करमणूक समजतो, त्याची परंपरा भर बाजारात आणि एका बुडालेल्या मालाच्या आठवणीतून सुरू होते.

आता या लोकांनी सांगितले तरी काय? त्यांचे तर्कशास्त्र व सृष्टिविज्ञान मोठे आहे. ते येथे बाजूस ठेवू. व्यवहारात उपयोगी पडणारी त्यांची मूळ कल्पना एपिक्टेटस याने सर्वांत स्वच्छ शब्दांत मांडली. इसवी सन ५० च्या सुमारास आजच्या तुर्कस्तानातील हायरापोलिस या गावी त्याचा जन्म झाला. तो गुलाम होता आणि पायाने अधू होता. पुढे तो मुक्त झाला व रोममध्ये शिकवू लागला. परंतु सम्राट डोमिशियनने तत्त्वज्ञांना शहराबाहेर घालविले, तेव्हा ग्रीसमधील निकोपोलिस येथे त्याने पुन्हा शाळा मांडली. त्याने स्वतः एक ओळही लिहिली नाही. त्याचा शिष्य एरियन याने टिपून ठेवलेली व्याख्याने व एक छोटी पुस्तिका, एवढ्यावरच त्याची कीर्ती उभी आहे.

त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, जगातील सर्व गोष्टींच्या दोन राशी कराव्यात. आपला निर्णय, आपली इच्छा, आपला तिटकारा, आपला प्रयत्न ही एक रास. ती आपल्या हाती आहे. शरीर, संपत्ती, लौकिक, अधिकारपद ही दुसरी रास. ती सर्वस्वी आपल्या हाती नाही. माणूस पहिल्या राशीकडे दुर्लक्ष करतो आणि दुसरीसाठी जीव टाकतो. त्याच्या बहुतेक दुःखांचे मूळ येथे आहे.

हे ऐकून कोणी म्हणेल की, मग हातपाय गाळून बसावे! हाच तो नेहमीचा गैरसमज आहे, आणि त्याला उत्तर म्हणून सिसेरोने दिलेला स्टोइकांचा धनुर्धराचा दाखला मला फार आवडतो. धनुर्धराने नेम धरण्यासाठी जे जे शक्य ते सर्व करावयाचे. पण बाण एकदा सुटला की वारा आडवा येऊ शकतो, लक्ष्य हलू शकते. उत्तम रीतीने बाण सोडणे हे त्याचे काम. लक्ष्य विंधले जाणे ही इष्ट गोष्ट खरी, परंतु त्याच्या कौशल्याचा निवाडा तेवढ्यावरून होत नाही. आपल्याकडील वाचकांना येथे गीतेतील निष्काम कर्माची आठवण होणे स्वाभाविक आहे. दोन्ही विचारांची भूमी वेगळी आहे, म्हणून ती एकच आहेत असे मी म्हणणार नाही. परंतु फळावरील दृष्टी काढून कर्मावर आणण्याची तळमळ दोहोंकडे आहे.

आमच्या कारखानदार मित्रांना मी प्रथम हेच सुचविले. एका कागदावर मधोमध रेघ ओढा. एका बाजूस लिहा: गिऱ्हाइकाची नियत, बाजारातील मंदी, व्याजाचा दर, लोक काय म्हणतील. दुसऱ्या बाजूस लिहा: उद्या सकाळी कोणते पत्र पाठवावयाचे, बँकेच्या अधिकाऱ्यांना हप्ता चुकण्याच्या आधी भेटावयाचे की नंतर, कामगारांना खरी स्थिती सांगावयाची की नाही, पुढील माल किती उधारीवर द्यावयाचा. पहिली बाजू वाचून झोप उडते. दुसरी बाजू वाचली म्हणजे काम सापडते.

आणि काम सापडले की ते नेटाने केले पाहिजे. अडकलेली रक्कम मागणे हे स्टोइकांच्या दृष्टीने लोभाचे लक्षण नव्हे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठी २००६ साली झालेल्या कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु उद्योगाने पुरविलेल्या मालाचे पैसे ठरलेल्या मुदतीत, आणि ती मुदत कितीही ठरली असली तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, चुकते करणे गिऱ्हाइकावर बंधनकारक आहे. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते आणि राज्याच्या सुलभीकरण परिषदेकडे दाद मागता येते. ही दाद मागणे आपल्या हाती आहे. निकाल कधी लागेल, हे नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी ध्यानात ठेवता येणे, यालाच मी या तत्त्वज्ञानाचा पहिला उपयोग समजतो.

पैशाविषयीही त्यांचे मत विचारात घेण्याजोगे आहे. धन, आरोग्य, लौकिक यांना स्टोइकांनी त्याज्य ठरविले नाही. मिळाल्यास घ्यावे, मिळविण्याचा योग्य प्रयत्नही करावा, अशा पसंतीच्या गोष्टींत त्यांनी त्यांची गणना केली. मात्र माणसाचे चांगले-वाईटपण त्यांवर ठरत नाही, असे ते म्हणत. हे बोलणे सोपे आणि आचरणे अवघड आहे, याची साक्ष सेनेकाच्या आयुष्यात मिळते. रोमचा हा प्रसिद्ध लेखक इसवी सन ४१ मध्ये कॉर्सिका बेटावर हद्दपार झाला, ४९ मध्ये परत आला, नीरोचा शिक्षक व पुढे सल्लागार झाला आणि अमाप श्रीमंत बनला. चार वर्षांत तीस कोटी सेस्टर्स कोणत्या तत्त्वज्ञानाने मिळविले, असा टोमणा त्याच्या शत्रूने त्याला मारल्याचे इतिहासकार टॅसिटस नमूद करतो. टोमणा अगदीच निराधार नव्हता. सेनेकाला आपण निर्दोष गुरू मानू नये. परंतु जो स्वतः मोहाच्या मध्यभागी बसला आहे, त्याने मोहाविषयी लिहिलेले पुष्कळदा अधिक उपयोगी पडते.

सेनेकाची एक सूचना प्रत्येक कुटुंबाने करून पाहावी अशी आहे. अधूनमधून काही दिवस अगदी साधे अन्न खावे, जाडेभरडे वस्त्र नेसावे आणि स्वतःला विचारावे: ज्याची आपल्याला इतकी धास्ती वाटत होती, ते हेच ना? धंद्यातील पुष्कळ चुकीचे निर्णय लोभापेक्षा भीतीपोटी घेतले जातात. खाली उतरावे लागले तर किती खाली, हे ज्याने एकदा पाहिले आहे, तो घाबरून भलत्या अटींवर सही करीत नाही.

आता घराकडे वळू. कारण दुकानातील तोट्याचे व्याज बहुधा घरातील माणसेच भरीत असतात.

क्रोधाविषयी सेनेकाने आपल्या भावाला उद्देशून तीन खंडांचा ग्रंथ लिहिला. त्यात त्याने एक बारीक भेद केला आहे. अपमानाचा शब्द कानी पडताच अंगात जी तिडीक उठते, ती आपल्या हाती नाही. थंड पाणी अंगावर पडताच शहारा यावा, तशी ती आहे. परंतु "याने माझे वाईट केले आहे आणि मी त्याची भरपाई केली पाहिजे" या विचाराला मन जेव्हा मान डोलाविते, तेथून क्रोध सुरू होतो. आणि ती मान डोलाविणे आपल्या हाती आहे. म्हणून त्याच्या मते क्रोधावरील मोठा उपाय म्हणजे विलंब. घरी पाऊल टाकताच मुलाची प्रगतिपुस्तिका हाती घेऊ नये. हातपाय धुवावेत, चहा घ्यावा, मग घ्यावी. उपाय किरकोळ दिसतो, पण करून पाहिल्यावाचून त्याची किंमत कळत नाही.

त्याच ग्रंथात सेनेका आपला एक नेम सांगतो. रात्री दिवा नेला की त्याची पत्नी, ही सवय ठाऊक असल्यामुळे, गप्प राही. आणि तो सबंध दिवसाची आपली वागणूक डोळ्यांपुढून घाली. कोठे चुकलो, कोणाला लागेलसे बोललो, हे तो स्वतःपासून लपवीत नसे आणि स्वतःला क्षमा करून पुढच्या वेळेसाठी सावध होई. व्यापारी रोज रात्री गल्ला मोजतो. तेवढीच पाच मिनिटे या हिशेबाला दिली तर?

सम्राट मार्कस ऑरेलियस हा हिशेब लिहून ठेवी. इसवी सन १६१ ते १८० या त्याच्या कारकिर्दीत साम्राज्यात भयंकर साथ पसरली, डॅन्यूब नदीच्या सीमेवर वर्षानुवर्षे युद्धे चालली, आणि त्याच्या डझनाहून अधिक अपत्यांपैकी बरीच बालवयातच गेली. छावणीत बसून ग्रीक भाषेत त्याने स्वतःसाठी जी टिपणे लिहिली, ती आज जगभर वाचली जातात. आज आपल्याला कृतघ्न, उद्धट व मत्सरी माणसे भेटणार, याची तयारी सकाळीच करावी. तरीही ती आपल्याच गोतातील आहेत आणि आपण त्यांच्याबरोबर हातांच्या जोडीप्रमाणे काम करावयासाठी जन्मलो आहोत, हे विसरू नये, असे तो स्वतःला बजावतो. ज्याच्या हाताखाली चार माणसे काम करतात, त्याने हे टिपण सकाळी कुलूप उघडताना आठवावे. तथापि या तत्त्वज्ञानाने सर्व काही साधते, असेही नाही. त्याच मार्कसचा मुलगा व वारस कोमोडस हा अत्यंत वाईट राज्यकर्ता निघाला. आपली मुलेही पूर्णतः पहिल्या राशीत नसतात. त्यांच्याशी कसे बोलावे, एवढेच त्या राशीत असते.

येथे एक सावधगिरीची सूचना देतो. विसाव्या शतकात अल्बर्ट एलिस व ॲरन बेक या अमेरिकन तज्ज्ञांनी मनाच्या आजारांवर विचार सुधारण्याची जी उपचारपद्धती घडविली, तिचे तात्त्विक मूळ त्यांनी स्टोइकांकडे दाखविले आहे. परंतु पुस्तक वाचणे म्हणजे उपचार नव्हे. आठवडेच्या आठवडे झोप येत नसेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर धैर्य दाखविण्याच्या नादात गप्प राहू नये, डॉक्टरांकडे जावे. केंद्र सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक याच कामासाठी आहे. मदत मागणे हीदेखील आपल्या हाती असलेली गोष्ट आहे.

आता तो पहिला प्रश्न. जे विचारले नाही, ते सांगावे काय?

आश्चर्य वाटेल, पण हाच प्रश्न इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात स्टोइकांच्या दोन प्रमुखांमध्ये वादाचा विषय झाला होता. इसवी सनापूर्वी ४४ मध्ये सिसेरोने अथेन्सला शिकत असलेल्या आपल्या मुलासाठी कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात हा वाद आला आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडला आहे, धान्य सोन्याच्या भावाने विकले जात आहे. एक सचोटीचा व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्याचे जहाज घेऊन येतो. मागून धान्याची आणखी जहाजे येत आहेत, हे त्याने वाटेत पाहिले आहे. ऱ्होड्सच्या लोकांना ते ठाऊक नाही. त्याने ते सांगावे, की गप्प राहून चढ्या भावाने माल विकावा?

बॅबिलोनचा डायोजेनीस म्हणाला: कायद्याने जेवढे सांगावयास लावले आहे तेवढे सांगावे, खोटे बोलू नये, बाकी मी माल आणला, मांडला, इतरांपेक्षा महाग विकीत नाही, यात कोणावर अन्याय झाला? त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणाला: आपण मानवसमाजाच्या हितासाठी जन्मलो असे आपणच शिकवितो आणि समोरच्या भुकेल्या माणसापासून त्याच्या हिताची गोष्ट लपवितो, हे कसे? पुढे दुसरे उदाहरण येते: एक माणूस घर विकीत आहे; घर रोगट आहे, खोल्यांतून सर्प निघतात, लाकूड कुजके आहे; हे मालकावाचून कोणाला ठाऊक नाही. पुन्हा तेच दोन पक्ष. सिसेरोने अखेरीस कौल अँटिपेटरच्या बाजूने दिला. गप्प राहणे हे प्रत्येक वेळी लपविणे नव्हे. परंतु ज्याला कळणे आवश्यक आहे त्याला आपल्या फायद्यासाठी अंधारात ठेवणे, याला लपविणेच म्हणतात, असा त्याचा अभिप्राय आहे.

आणि आपल्या देशाच्या कायद्यानेही, निदान जमीन व इमारतीपुरता, हाच पक्ष स्वीकारला आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे, विरुद्ध करार झालेला नसेल तर, विक्रेत्याला ठाऊक असलेला व खरेदीदाराला साधारण दक्षता घेऊनही न दिसणारा मालमत्तेतील महत्त्वाचा दोष विक्रेत्याने सांगितलाच पाहिजे. कोरड्या उन्हाळ्यात पावसाळ्याचे पाणी कसे दिसावे? म्हणजे डायोजेनीसची सवलतही आमच्या मित्रांना मिळत नाही.

मी त्यांना हे सर्व कळविले आणि शेवटी एवढेच लिहिले की, आपण कापडाचे व्यापारी असतो आणि ते गोदाम घेतले असते, तर पहिल्या पावसात भिजलेल्या गठ्ठ्यांपुढे उभे राहून आपण विक्रेत्याविषयी काय म्हटले असते, ते आजच स्वतःला विचारावे. किंमत किती येईल, हे आपल्या हाती नाही. कोणत्या शब्दांत विकावयाचे, हे आहे.

त्यांचे उत्तर आले आहे. त्यांनी त्या व्यापाऱ्यांना घरी बोलावून पाण्याची गोष्ट सांगितली. व्यापाऱ्यांनी आभार मानले आणि सौदा मोडला. गोदाम अजून विकले गेलेले नाही; आता ते लोखंडाचा माल ठेवणाऱ्या एखाद्याला कमी किमतीत पण सर्व सांगून देण्याचा त्यांचा विचार आहे. बँकेने हप्त्यांची मुदत वाढविण्याचा अर्ज स्वीकारला आहे, निर्णय व्हावयाचा आहे. थकबाकीसाठी परिषदेकडे तक्रार दाखल झाली आहे. म्हणजे पैशाच्या दृष्टीने पाहिले तर परिस्थितीत फारसा फरक पडलेला नाही.

मात्र पत्राच्या तळाशी चार ओळी वेगळ्या शाईने लिहिल्या आहेत. ते व्यापारी उठून गेले, तेव्हा थोरला मुलगा दाराआड उभा होता. त्याने सर्व ऐकले होते. रात्री जेवताना तो आपण होऊन म्हणाला, "बाबा, परिषदेच्या अर्जाचे कागद मी लावून देऊ का?" तीन महिन्यांत तो त्यांच्याशी प्रथमच बोलला होता.

वाचकहो, हे यश म्हणावयाचे की नाही, ते ज्याचे त्याने ठरवावे. मधोमध रेघ ओढलेला तो कागद मात्र आपणही एकदा लिहून पाहावा. आणि तो लिहून झाल्यावर उजवीकडील पहिले काम उद्यावर टाकू नये.